चिनी वाचक मनात उच्चार करतो का? एका ‘असल्यामुळे’ची गोष्ट



लेख सुरू करण्याआधी एक छोटासा प्रयोग करून बघा. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ हे शब्द ओठ अजिबात न हलवता, मनातल्या मनात, पाच-सहा वेळा भराभर वाचा. बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या फेरीला अडखळते. जीभ तर जागची हललेली नाही, मग अडखळलं काय?

इंग्रजी वाचणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट १९८२ मध्ये डेबोरा मॅककचन आणि चार्ल्स परफेटी यांनी नीट प्रयोग मांडून दाखवली. वाक्यातले बरेचसे शब्द एकाच तऱ्हेच्या व्यंजनाने सुरू होत असतील, तर ते वाक्य मुकाट्याने वाचतानाही वाचक मंदावतो. म्हणजे कागदावरची अक्षरं डोळ्यांनी आत घेतली, तरी आत कुठेतरी त्यांचा उच्चार होत असतो. मराठी किंवा इंग्रजीच्या बाबतीत हे ऐकून फारसं नवल वाटत नाही, कारण आपली अक्षरं मुळात आवाजांसाठीच आहेत. पण चिनी माणसाचं काय? तिथे तर अक्षरंच नाहीत, चित्रं आहेत, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय.

मीही तेच ऐकत आले होते. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: ‘चिनी ही चित्रलिपी असल्यामुळे ती वाचताना वाचक ध्वनीचा आधार न घेता थेट अर्थापर्यंत पोहोचतो.’ गाईडनी अख्खं पान सोडून एकाच शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला. ‘असल्यामुळे’. बाजूला लिहिलं होतं, ‘हे कुणी तपासलं?’ मला वाटलं, दोन संदर्भ टाकले की झालं. ते दोन संदर्भ शोधायला गेले आणि चार महिने गेले. त्या चार महिन्यांत जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगते. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचं सिनॉप्सिस चालू आहे, म्हणून मुद्दाम.

चित्रलिपीचा समज आला कुठून?

तो चीनमधून आलेला नाही, हे आधी स्पष्ट करते. चीनमध्ये इसवी सन १०० च्या सुमाराला शू शेन नावाच्या विद्वानाने ‘श्वोवन ज्येत्स’ हा कोश रचला. त्यात त्याने नऊ हजारांहून जास्त चिन्हं ५४० गटांत लावली आणि चिन्हं घडण्याचे सहा प्रकार सांगितले. त्यातला एक प्रकार ‘रूप आणि ध्वनी’ यांच्या जोडीचा. उदाहरण म्हणून त्याने नदीवाचक दोन चिन्हं दिली, ‘ज्यांग’ आणि ‘ह’. दोन्ही चिन्हांत डावीकडे ‘पाणी’ सांगणारा भाग आहे, आणि उजवीकडचा भाग अर्थासाठी नाहीच, तो फक्त उच्चार कसा करायचा ते सांगतो. त्या कोशातली बहुसंख्य चिन्हं याच प्रकारची आहेत. आजच्या चिनीतही प्रमाण साधारण तसंच, म्हणजे दहातली आठ तरी.

सगळ्यात सोपं उदाहरण ‘आई’चं. आई म्हणजे ‘मा’ (योगायोगच!), आवाज वरच्या पट्टीत स्थिर ठेवून म्हणायचं. घोडा म्हणजेही ‘मा’, पण आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणायचा. ‘आई’ लिहिताना डावीकडे ‘स्त्री’चं चिन्ह काढतात आणि उजवीकडे ‘घोड्या’चं. आता याला चित्र मानलं तर आई म्हणजे घोड्याशेजारी उभी असलेली बाई! पण चिनी मुलाला त्यात घोडा दिसत नाही. ‘स्त्रीशी संबंधित आणि ‘मा’सारखा उच्चार असलेला शब्द’ एवढंच ते चिन्ह सांगतं.

अर्थात हा ध्वनिदर्शक भाग दर वेळी इमानदार नसतो. ‘ज्यांग’ या नदीच्या चिन्हातला उजवा भाग आज ‘गोंग’ असा वाचला जातो. चिन्ह घडलं तेव्हा दोन्ही उच्चार जवळचे होते, दोन हजार वर्षांत ते एकमेकांपासून लांब गेले. इंग्रजीत ‘नाइट’ (सरदार) या शब्दाच्या सुरुवातीला ‘के’ उगाच बसलेला असतो ना, तसंच. तो ‘के’ पूर्वी खरंच उच्चारला जायचा. म्हणजे दोन्ही लिप्या जुना आवाज पोटात ठेवून आहेत, एक जरा कमी, एक जरा जास्त.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हा भाग मला फार आवडतो. चिनी पंडितांनी पुढे शब्दांच्या सुरुवातीच्या व्यंजनांची तक्ते करून मांडणी केली ती ओठ, जीभ, दात, घसा अशा उच्चारस्थानांप्रमाणे. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णमालेचा तो परिणाम मानला जातो. आपले कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य. ज्या लोकांनी स्वतःच्या भाषेच्या आवाजांचा इतका बारीक हिशेब ठेवला, त्यांच्याबद्दल ‘यांची लिपी आवाजाशिवाय चालते’ असं लिहायला धाडसच लागतं.

ते धाडस युरोपने केलं. फ्रान्सिस बेकनने १६०५ मध्ये लिहिलं की चीनमध्ये अशी चिन्हं वापरतात जी अक्षरंही दाखवत नाहीत आणि शब्दही नाहीत, तर थेट वस्तू आणि कल्पना दाखवतात. पुरावा काय, तर वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या देशांतले लोक एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकतात. मात्तेओ रिच्ची या जेझुइट पाद्रीची टिपणं १६१५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातूनही हीच माहिती पसरली. निरीक्षण खोटं नव्हतं. जपान, कोरिया, व्हिएतनाममधले शिकलेले लोक चिनी मजकूर खरोखरच वाचायचे. पण ते वाचायचे कारण त्यांनी अभिजात चिनी ही भाषा वर्षानुवर्षं घोकून शिकलेली असायची. पैठणचा पंडित आणि कांचीचा पंडित काशीत भेटले तर एकमेकांचं लिखाण समजायचं, म्हणून देवनागरी किंवा ग्रंथ लिपी ‘थेट कल्पना दाखवते’ असं आपण म्हणतो का? दोघांना संस्कृत यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आकड्यांची उपमाही या समजाच्या मदतीला येते. ‘५’ हे चिन्ह मराठी माणूस पाच वाचतो, इंग्रज फाइव्ह वाचतो, अर्थ एकच. मग सगळं चिनी लिखाण तसंच असेल! पण आकडे मूठभर आहेत आणि ते सगळीकडे एकाच गोष्टीसाठी आहेत. ‘मी काल येणार होतो, पण राहून गेलं’ हे वाक्य आकड्यांसारख्या चिन्हांत लिहून बघा. शब्दांचा क्रम लागतो, प्रत्यय लागतात, म्हणजे कुठली तरी एक भाषा लागतेच.

या समजावर पहिला जोरदार घाव घातला तो एका वकिलाने. पीटर ड्यू पाँसो हा जन्माने फ्रेंच, तरुणपणी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात आला आणि पुढे फिलाडेल्फियात वकिली करत भाषांचा अभ्यास करत बसला. १८३८ मध्ये, वयाची ७५ वर्षं ओलांडल्यावर, त्याने चिनी लेखनपद्धतीवर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं: चिनी चिन्हं कल्पना दाखवत नाहीत, शब्द दाखवतात, आणि शब्द म्हणजे आवाज आलाच. त्याने व्हिएतनामी शब्दांच्या याद्याही पुस्तकात छापल्या. व्हिएतनामी लोकांनी चिनी चिन्हं स्वतःच्या भाषेसाठी वापरताना ती कशी बदलली, हे त्याला दाखवायचं होतं. वकिली पेशा असल्यामुळे की काय, पण पुस्तक वाचताना उलटतपासणी चालल्यासारखं वाटतं. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, क्रील आणि बूडबर्ग हे दोन अमेरिकन चीनतज्ज्ञ याच मुद्द्यावर पुन्हा भांडले. १९८४ मध्ये जॉन डीफ्रान्सिसला पुन्हा एक अख्खं पुस्तक लिहून हाच समज खोडावा लागला. इतक्यांदा खोडावा लागतो, याचाच अर्थ तो मरत नाही.

दुसरा प्रश्न, जो पहिला नाहीच

आता नीट बघा. ड्यू पाँसो जिंकला असं मानलं तरी माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य पूर्ण खोटं ठरत नाही. लिपी कशाची बनली आहे हा एक प्रश्न. ती वाचताना माणसाच्या डोक्यात काय होतं हा दुसरा. लिपीत ध्वनी असूनही वाचक तो न वापरता जाऊ शकतो, आणि लिपीत ध्वनी नसूनही वाचक तो स्वतःहून आणू शकतो. (‘५’ बघून तुमच्या मनात ‘पाच’ वाजलं की नाही?) माझा ‘असल्यामुळे’ या दोन प्रश्नांना एका दोरीत बांधत होता. गाईडचा पेन्सिलीचा गोल त्या गाठीवर होता.

आणि ही गाठ नुसती कागदावर राहिली नाही, तिची किंमत मुलांनी मोजली. ती गोष्ट १९६८ मध्ये जपानमध्ये सुरू होते. कियोशी माकिता या मनोविकारतज्ज्ञाने जपानी मुलांमध्ये वाचनाची अक्षमता किती दुर्मिळ आहे यावर एक पेपर लिहिला. त्याने शिक्षकांना प्रश्नावली पाठवली होती आणि उत्तरांतून प्रमाण निघालं एक टक्क्याहूनही कमी. त्याने कारण लिपीत शोधलं. मग चिनी-जपानी मुलांना डिस्लेक्सिया होतच नाही, असं पाश्चात्त्य पुस्तकांतून सर्रास छापून येऊ लागलं. ‘थेट अर्थ’ दाखवणाऱ्या लिपीत आवाज जुळवायची भानगडच नाही, मग अडखळणार कशाला?

या वातावरणात १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये पॉल रोझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. गंमत म्हणजे हेही फिलाडेल्फियातच. वाचनात खूप मागे पडलेल्या दुसरीतल्या मुलांना त्यांनी ३० चिनी चिन्हं शिकवली, पण चिनी उच्चारांसकट नाही. प्रत्येक चिन्हाला एक इंग्रजी शब्द. अडीच ते साडेपाच तासांच्या शिकवणीत ही मुलं त्या चिन्हांनी लिहिलेली इंग्रजी वाक्यं वाचायला लागली. ज्या मुलांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत नव्हती, तीच मुलं! हा पेपर वाचताना मला खरंच आनंद झाला. शाळेने ‘याला येणारच नाही’ म्हणून सोडून दिलेलं मूल वाक्य वाचतंय, यात आनंद होण्यासारखंच आहे.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? मुलं ती चिन्हं बघून इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणत होती. म्हणजे ध्वनी टळला नव्हताच. टळलं होतं ते एवढंच की शब्दाचे सुटे आवाज पाडून ते पुन्हा जोडायचे. शिवाय ३० चिन्हं आणि चीनमधलं वाचन यांत फरक आहे. चीनमध्ये १९८८ साली नेहमीच्या वापरातल्या चिन्हांची अधिकृत यादी झाली, तिच्यात २,५०० चिन्हं पहिल्या टप्प्यात आणि आणखी १,००० दुसऱ्या टप्प्यात आहेत. तीस चेहरे लक्षात ठेवणं आणि साडेतीन हजार चेहरे लक्षात ठेवणं हे एकाच कामाचे लहान-मोठे आकार नव्हेत. दुसऱ्या कामात कुठली तरी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था म्हणजे तोच डावा-उजवा भाग.

मग हॅरल्ड स्टीव्हनसन आणि त्याच्या गटाने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. शिक्षकांना विचारण्याऐवजी मुलांनाच तपासलं. जपानी, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत शक्य तितक्या सारख्या काठिण्याच्या वाचनचाचण्या तयार केल्या आणि सेंदाई, तैपेई व मिनियापोलिस या तीन शहरांतल्या पाचवीच्या मुलांना दिल्या. १९८२ मध्ये निकाल छापला: बुद्धी ठीक असूनही वाचनात खूप मागे असलेली मुलं तिन्हीकडे आहेत. वर्गात ती आधीही होती. शिक्षकांच्या प्रश्नावलीत ती ‘आळशी’, ‘मंद’, ‘लक्ष नसलेली’ अशा कुठल्या तरी रकान्यात गेली असतील, कारण ‘वाचता न येणारं मूल’ हा रकाना तिथे कुणाच्या डोक्यातच नव्हता. हा माझा अंदाज आहे. पण आपल्याकडच्या शाळा बघितल्यात तर तुम्हालाही तो पटेल.

मिलिसेकंदांची लढाई

प्रयोगशाळेत दरम्यान काय चाललं होतं? इंग्रजीपासून सुरू करू, कारण पद्धती तिथे घडल्या.

१९०८ मध्ये एडमंड ह्यूईने वाचनाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात मनातल्या ‘आतल्या आवाजा’वर भरपूर आहे. त्यानंतर वर्तनवादाच्या काळात हा विषय मागे पडला. १९६४ मध्ये कॉनरॅडने दाखवलं की इंग्रजी अक्षरं डोळ्यांनी बघून लक्षात ठेवायला सांगितली, तरी चुका होतात त्या दिसण्याच्या नाहीत, आवाजाच्या. ‘बी’च्या जागी ‘व्ही’ आठवतो. १९७० च्या दशकात दोन वाटांचं चित्र तयार झालं. एक वाट शब्दाच्या दिसण्यावरून सरळ अर्थाकडे, दुसरी शब्दाच्या उच्चारावरून अर्थाकडे. इंग्रजी वाचक दोन्ही वापरतो. आणि चिनी वाचक? तो पहिल्या वाटेचा शुद्ध नमुना म्हणून आयता हाताशी होताच.

१९८७ मध्ये गाय व्हॅन ऑर्डनने एक झकास प्रयोग केला. पडद्यावर आधी ‘फूल’ असा वर्ग दाखवायचा, मग एक शब्द. शब्द त्या वर्गातला आहे का, हो किंवा नाही. इंग्रजीत गुलाब म्हणजे ‘रोझ’, स्पेलिंग आर-ओ-एस-ई. त्याऐवजी आर-ओ-डब्ल्यू-एस दाखवलं, म्हणजे ‘रांगा’, उच्चार तोच ‘रोझ’. लोक फसून ‘हो’ म्हणाले. तेवढंच मिळतंजुळतं दिसणारं पण वेगळा उच्चार असलेलं स्पेलिंग दाखवलं तेव्हा तितके फसले नाहीत. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ‘घागरीत पाणि भरलं’ हे वाक्य बघा. ‘पाणि’ म्हणजे हात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपल्या रोजच्या उच्चारात जवळपास उरलेला नाही, त्यामुळे मुद्रितं तपासणाऱ्याच्याही हातून ही चूक निसटते. ‘घागरीत पाटी भरलं’ मात्र कुणी सोडणार नाही.

व्हॅन ऑर्डनच्या निकालाने उच्चारवाल्यांचं पारडं जड झालं. १९९१ मध्ये जॅरेड आणि सायडेनबर्ग यांनी त्यात एक पाचर मारली: हा परिणाम मुख्यतः कमी वापरातल्या शब्दांत दिसतो. रोजच्या शब्दांत डोळा उच्चाराची फार वाट बघत नाही.

आता चीनकडे. १९७७ मध्ये त्सेंग, हंग आणि वांग यांनी चिनी वाचकांना सारख्या उच्चारांची चिन्हं लक्षात ठेवायला दिली. वेगळ्या उच्चारांच्या चिन्हांपेक्षा त्यांत जास्त चुका झाल्या. सारख्या उच्चारांची चिन्हं भरलेली वाक्यं बरोबर की चूक हे ठरवायलाही वेळ लागला. १९८५ मध्ये झांग आणि हर्बर्ट सायमन (हो, तेच अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले सायमन) यांनी आणखी छान युक्ती केली. चिनी चिन्हांच्या घटकांपैकी काही असे आहेत की ते सगळ्यांना ओळखीचे, पण त्यांना बोलीभाषेत नाव नाही. ते घटक लोकांना तीनही लक्षात राहिनात. पूर्ण चिन्हं, ज्यांना उच्चार आहे, ती सहाहून जास्त राहिली. डोळ्याला दोन्ही ओळखीचे, फरक फक्त नावाचा. चित्रांवर जगणाऱ्या वाचकाला असा फरक पडायला नको होता.

त्याच वर्षी सायडेनबर्गने इंग्रजी आणि चिनी दोन्ही एकाच पेपरात घेतल्या. माझ्या मते या सगळ्या साहित्यातला हा सगळ्यात शहाणा पेपर. नेहमीच्या शब्दांत, मग ते इंग्रजी असोत की चिनी, लिपीतला ध्वनीचा इशारा असला-नसला तरी म्हणण्याच्या वेगात फरक पडत नाही. कमी वापरातल्या शब्दांत दोन्ही भाषांत पडतो. चिनी चिन्हात उच्चार सुचवणारा भाग असेल तर वाचक लवकर म्हणतो. म्हणजे फरक ‘इंग्रज आणि चिनी’ असा पडलाच नाही, तो ‘ओळखीचा शब्द आणि अनोळखी शब्द’ असा पडला.

सुरुवातीच्या पापडाचाही हिशेब इथे लागतो. १९९३ मध्ये झांग आणि परफेटी यांनी चिनी जीभवळणाचे मजकूर मुकाट्याने वाचायला दिले. चिनी वाचकही मंदावले.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं, ध्वनी जिंकला, वाक्य उलटं करून लिहू. गाईडनी पुन्हा विचारलं, ‘कधी?’

हा तिसरा प्रश्न, आणि सगळ्यात अवघड. लक्षात ठेवायला ध्वनी लागतो हे मान्य. पण तो अर्थ कळण्याआधी येतो की अर्थ कळल्यावर सामान बांधायला येतो? परफेटीने १९९० च्या दशकात सांगितलं, आधी येतो. परफेटी आणि झांग यांच्या १९९५ च्या प्रयोगात वाचकासमोर एकामागून एक दोन चिन्हं यायची आणि त्याने फक्त अर्थ सारखा आहे का ते सांगायचं. दोन्हींचा उच्चार सारखा पण अर्थ वेगळा असेल तर ‘नाही’ म्हणायला उशीर व्हायचा. दोन चिन्हांमधलं अंतर १०० मिलिसेकंदांच्या आत असतानाही. कुणी विचारलेलं नसताना उच्चार मध्ये येत होता. १९९८ मध्ये परफेटी आणि टान यांनी क्रमच मांडला: आधी चिन्हाचं रूप, मग ध्वनी, मग अर्थ.

आणि मग २००० मध्ये झोऊ आणि मार्सलेन-विल्सन यांना तसं काही सापडलं नाही. त्यांच्या प्रयोगांत अर्थ ध्वनीच्या मागे नव्हता. २००१ मध्ये चेन आणि शू यांनाही चिनी चिन्हं ओळखताना अर्थाचा परिणाम लवकर दिसला, ध्वनीचा तसा दिसला नाही.

हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. मग पद्धतीचे विभाग शेजारी शेजारी ठेवून बघितले. वाचकाला काय करायला सांगितलंय? चिन्ह मोठ्याने म्हणायला सांगितलं तर ध्वनी तुम्हीच बोलावलात. २००० मध्ये स्पिंक्स आणि सहकाऱ्यांनी रंगांचा प्रयोग केला. ‘लाल’ म्हणजे ‘होंग’, तर त्याच उच्चाराचं पण भलत्याच अर्थाचं चिन्ह वेगळ्या शाईत दाखवून शाईचा रंग सांगायला लावला. त्या चिन्हाने अडथळा आणला. निकाल सुंदर आहे, पण रंगाचं नाव तोंडाने सांगायचं होतं, हे विसरून चालणार नाही. दुसरं, शब्दांच्या जोड्या कशा निवडल्या? अर्थाची जोडी ‘डॉक्टर-दवाखाना’ अशी सैल आहे की ‘सूर्य-रवी’ अशी घट्ट? तिसरं, चिनीत सारख्या उच्चारांची गर्दी प्रचंड आहे. प्रमाण चिनीत चढउतार धरले नाहीत तर सुमारे ४०० उच्चारघटक, धरले तर १,३०० च्या आसपास, आणि त्यांत हजारो चिन्हं बसवलेली. नुसत्या ध्वनीवरून अर्थ ठरवायचा तर वाचक गर्दीत हरवेल. ध्वनी लवकर येत असला तरी तो एकटा दार उघडू शकत नाही. इंग्रजीत त्या मानाने ही गर्दी कमी, त्यामुळे तिथे ध्वनीला जास्त काम मिळतं.

माझं सुधारलेलं वाक्य आता असं आहे, आणि ते ऐटदार अजिबात नाही: ‘चिनी आणि इंग्रजी दोन्ही वाचताना शब्दाचा उच्चार जागा होतो. अर्थ लागण्यात त्याचा वाटा शब्दाची ओळख, वाचकाला दिलेलं काम आणि त्या लिपीत उच्चाराचा इशारा किती भरवशाचा आहे यांवर ठरतो.’ लांबलचक झालं, पण त्यातला प्रत्येक तुकडा कुणीतरी तपासलेला आहे.

ज्या मुलांपासून आपण मध्ये वळलो, त्यांच्याकडे परत येते. २००० नंतर हाँगकाँग आणि बीजिंगमध्ये चिनी डिस्लेक्सियावर भरपूर काम झालं. इंग्रजीत अशा मुलांची मुख्य अडचण शब्दाचे सुटे आवाज पकडण्याची असते. हाँगकाँगमध्ये कॉनी हो आणि सहकाऱ्यांना जास्त करून दिसलं ते वेगळंच: ओळखीच्या गोष्टींची नावं पटापट न सांगता येणं, आणि चिन्हांच्या रचनेची पक्की जाण नसणं. २००६ मध्ये शू आणि मॅकब्राइड-चँग यांच्या गटाने बीजिंगच्या मुलांत आणखी एक गोष्ट दाखवली, शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे ओळखण्याची कमजोरी. म्हणजे इंग्रजीसाठी बनवलेली आवाज तोडण्या-जोडण्याची चाचणी जशीच्या तशी चिनी मुलाला दिली, तर जे मूल खरंच अडलंय ते त्या चाळणीतून खाली पडू शकतं. माकिताच्या काळात मुलं एका कारणाने दिसली नाहीत, आता दुसऱ्या कारणाने निसटू शकतात.

आणि या सगळ्या डोळा-विरुद्ध-कान वादात एक तिसरा अवयव कुणी धरलाच नव्हता. २००५ मध्ये टान आणि सहकाऱ्यांनी बीजिंगच्या मुलांवर दाखवलं की चिनी वाचनाशी सगळ्यात घट्ट नातं सुट्या आवाजांच्या जाणिवेचं नाही, हाताने चिन्हं लिहिण्याचं आहे. चिनी मुलं एकेक चिन्ह वहीत पानंच्या पानं गिरवतात, ते उगाच नसावं. २०१३ मध्ये याच गटाने आणखी एक पेपर काढला. चीनमधली मुलं आता फोनवर आणि कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या यादीतून चिन्ह निवडतात. असं टायपिंग जास्त करणारी मुलं वाचनात मागे दिसली. हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे, त्यामुळे इथे तुम्ही ‘असल्यामुळे’ लिहू नका. माझं पेन्सिलीने गोल केलेलं पान अजून टेबलासमोर चिकटवलेलं आहे. सध्या मी मराठी रोमनमध्ये टाइप करणारी मुलं ऱ्हस्व-दीर्घ कसं वाचतात, याची चाचणी बनवतेय, आणि ‘पाणि-पाणी’सारख्या आणखी चाळीस जोड्या हव्या आहेत. दोघांपैकी एक शब्द अगदीच पोथीतला नको, दोन्ही मुलांच्या ओळखीचे हवेत, आणि तिथेच गाडी अडलीय.